वक्तशीरांचा शुक्रवार

१९ जुलै २०२४ ला शुक्रवार होता. त्या दिवशी सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांपासून १० वाजून ५७ मिनिटांपर्यंत आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या ऑफिसांत कोण कोण खरोखर जागेवर होतं, याची एक बिनचूक हजेरी आपोआप लागली. अंगठ्याच्या मशीनला गंडवता येतं. अंगठा लावून परत खाली टपरीवर जाणारे सगळ्यांच्याच ओळखीचे असतात. या हजेरीला गंडवायची सोय नव्हती. जो वेळेवर आला, ज्यानं डबा कपाटावर ठेवून आधी संगणक चालू केला आणि मग घाम पुसला, त्याचा पडदा निळा झाला. आणि जो दादरला गर्दी बघून दोन लोकल सोडतो, स्टेशनबाहेर उभ्यानं वडापाव खातो, लिफ्टची रांग बघून ‘तोवर एक कटिंग मारू’ म्हणतो आणि लोकलनं येऊनसुद्धा सव्वाअकराला ‘ट्रॅफिक, सर’ असं पुटपुटत आत शिरतो, त्याचा संगणक रोजच्यासारखा सुरू झाला.

झालं होतं ते असं. क्राउडस्ट्राइक नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. तिचं ‘फाल्कन’ हे संरक्षण मोठमोठ्या कंपन्या आपल्या सगळ्या संगणकांवर बसवून घेतात. घरच्या अँटिव्हायरसपेक्षा ते बरंच हुशार आणि बरंच महाग असतं. या फाल्कनला कंपनीनं जागतिक वेळेनुसार पहाटे ४ वाजून ९ मिनिटांनी एक छोटीशी फाइल धाडली. फाइल सदोष होती. ती मिळालेला विंडोज संगणक जागच्या जागी कोसळायचा, निळा पडदा दाखवायचा, पुन्हा सुरू व्हायचा आणि पुन्हा कोसळायचा. कंपनीनं ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख संगणक आडवे झाले होते. हे प्रमाण जगातल्या एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, असं मायक्रोसॉफ्टनं लगेच सांगितलं. दिलासा म्हणून ते ठीकच होतं. फक्त तो एक टक्का नेमका विमानतळांवर, इस्पितळांत, बँकांत आणि टीव्हीच्या स्टुडिओत बसला होता.

आता जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवा. पहाटेचे ४.०९ म्हणजे आपल्याकडचे सकाळचे ९.३९. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र होती, सिडनीत दुपारचं जेवण उरकून लोक जांभया देत होते आणि भारतात ऑफिसं उघडत होती. पृथ्वीनं आपल्या वाट्याला नेमका मस्टर टायमिंगचा भाग फिरवून आणला होता. अमेरिकेतली ऑफिसं रिकामी होती खरी, पण तिथेही सगळे सुटले नाहीत. जाताना दिवे, पंखे, संगणक बंद करून जाणाऱ्याचं काही बिघडलं नाही. ‘रात्री अपडेट येतात, मशीन चालू ठेवून जात जा’ ही आयटी विभागाची सूचना ज्यानं पाळली, त्याला सकाळी निळा पडदा भेटला.

या एकाच घटनेवरून मी काही सिद्धांत मांडला नसता. पण अँटिव्हायरसांनी आजवर केलेल्या चुकांचा इतिहास काढून बसलो, तर त्यात एक शिस्त दिसू लागली, आणि ती अशी की मार खाणारा दरवेळी शिस्तीचाच माणूस निघतो.

मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीचंच घ्या. त्याआधी थोडं अँटिव्हायरसच्या घरात डोकावायला हवं. पूर्वापार अँटिव्हायरस म्हणजे दोन गोष्टी: एक प्रोग्रॅम आणि एक यादी. यादीत आजवर सापडलेल्या सगळ्या व्हायरसांच्या खाणाखुणा असतात. प्रोग्रॅम संगणकातली एकेक फाइल उचलतो, यादीशी ताडून बघतो आणि जुळली की पकडतो. व्हायरस रोज नवे जन्मतात, म्हणून यादीही रोज नवी येते, दिवसातून अनेकदासुद्धा येते. बाकीचे प्रोग्रॅम अपडेट घेण्याआधी निदान विचारतात, ‘आत्ता की नंतर?’ मग माणूस ‘नंतर’ म्हणतो आणि तीन वर्षं जातात. अँटिव्हायरस विचारत नाही. विचारत बसलं तर तोवर चोर घरात, हा त्याचा युक्तिवाद आहे आणि तो खोटाही नाही. त्यामुळे ऑफिसातल्या कुठल्याही कागदाला साहेबांची सही लागते, पण रोज येणाऱ्या या यादीला कुणाचीच लागत नाही.

२१ एप्रिल २०१०, बुधवार. मॅकॅफीनं रिवाजाप्रमाणे नवी यादी पाठवली, क्रमांक ५९५८. या यादीतल्या एका व्हायरसाच्या खाणाखुणा विंडोजच्या ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या फाइलीशी जुळल्या. ही फाइल म्हणजे विंडोजमधली फार कामाची बाई. तिच्या हाताखाली डझनावारी सेवा चालतात, नेटवर्कसुद्धा तिच्याच भरवशावर असतं. अँटिव्हायरसनं तिलाच धरलं. संगणक रीस्टार्ट होऊ लागले ते होतच राहिले, आणि नेटवर्क गेलं. कंपनीनं काही तासांत चूक दुरुस्त करणारी यादी तयार केली. ती पाठवायची कशानं, तर नेटवर्कनं. तेव्हा आयटीची मुलं खिशात पेन ड्राइव्ह घालून एकेका मजल्यावर एकेका संगणकापाशी चालत गेली. एकविसाव्या शतकातली सगळ्यात वेगवान दुरुस्ती पायी पोचली.

ऱ्होड आयलंडमधल्या इस्पितळांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. केंटकीत पोलिसांना गस्तीच्या गाड्यांमधले संगणक बंद ठेवायला सांगितलं. ऑस्ट्रेलियात कोल्स या सुपरमार्केटच्या दहा टक्के बिलिंग मशीन बसल्या आणि काही दुकानांना शटर ओढावं लागलं. आता मुद्द्याचं. यात कोण सापडलं? विंडोज एक्सपी वापरणारे, आणि त्यातही फक्त ‘सर्व्हिस पॅक ३’ घातलेले. ‘सर्व्हिस पॅक २’ वाल्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. त्या दिवसांत मायक्रोसॉफ्ट सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडत होतं की बाबांनो, १३ जुलैला ‘पॅक २’ चा आधार संपतोय, लवकर ‘पॅक ३’ वर या. ज्यांनी हे ऐकलं, बजेट मंजूर करून घेतलं, शनिवारी येऊन मशीनमागून मशीन अपडेट केली, ते सगळे बुधवारी रडले. ज्यांनी ‘बघू, जुलैला अजून वेळ आहे’ म्हटलं, ते त्यांच्या शेजारी उभे राहून हळहळले.

यानंतरची भरपाईसुद्धा वाचण्यासारखी आहे. घरगुती ग्राहकांना मॅकॅफीनं दुरुस्तीचा खर्च देऊ केला आणि वर अँटिव्हायरसची मुदत दोन वर्षं फुकट वाढवून दिली. ज्या अँटिव्हायरसनं पाडलं, तेच आणखी दोन वर्षं. त्याआधी २००८ मध्ये एव्हीजीनंही विंडोजची एक महत्त्वाची फाइल ट्रोजन समजून काढली होती, तेव्हा त्यांनीही भरपाई म्हणून फुकट परवानेच वाटले होते. या धंद्यात नुकसानीची दुसरी मोजणीच नसावी.

मॅकॅफीच्या तडाख्यात इंटेलचेही काही संगणक सापडले होते. त्याच इंटेलनं चार महिन्यांनी, ऑगस्ट २०१० मध्ये, मॅकॅफी कंपनी विकत घेण्याचं जाहीर केलं. किंमत ७६८ कोटी डॉलर. फाइल का पकडली म्हणून तक्रार करणारे पुष्कळ असतील, पण त्यासाठी अख्खी कंपनी विकत घेणारा हा पहिलाच. खरेदीची कारणं अर्थातच वेगळी होती, पण मला हेच कारण पटतं.

आणखी एक. त्या वेळी मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते जॉर्ज कर्ट्झ. पुढे ते तिथून बाहेर पडले आणि २०११ मध्ये त्यांनी भागीदारांबरोबर नवी कंपनी काढली. कंपनीचं नाव क्राउडस्ट्राइक. १९ जुलै २०२४ ला तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी तेच. पंचांग बघून कंपनीचा मुहूर्त काढायची पद्धत कॅलिफोर्नियात नाही, पण असती तर गुरुजींनी पत्रिका बघून दोनदा चष्मा पुसला असता.

बाकीच्या घटना भराभर सांगतो, कारण त्यांत तीच ती गोष्ट आहे. एप्रिल २००५ मध्ये ट्रेंड मायक्रोची सदोष यादी सुटली आणि संगणकांची सगळी ताकद तिच्यापायीच खर्च होऊ लागली. जपानमध्ये रेल्वे आणि वर्तमानपत्रं खोळंबली. वार शनिवार. जे सुट्टी घेऊन घरी बसले त्यांना सोमवारी पेपरात बातमी वाचायला मिळाली, जे शनिवारीसुद्धा कामावर आले त्यांच्यावर ती बेतली. मे २००७ मध्ये सिमँटेकच्या नॉर्टननं चिनी विंडोजच्या दोन मुख्य फाइली हॅकरांचं चोरदार म्हणून उचलल्या. त्यातही ज्यांनी मायक्रोसॉफ्टची सुरक्षेची एक ठरावीक दुरुस्ती बसवून घेतली होती, त्यांच्याच उचलल्या. ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती, त्यांच्या फाइली जुन्या होत्या, म्हणून निर्दोष सुटल्या.

२०१२ मधलं सोफोसचं प्रकरण मात्र थोडं थांबून बघावं असं आहे. १९ सप्टेंबरला सोफोसच्या अँटिव्हायरसनं जगभरच्या अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमांना व्हायरस ठरवायला सुरुवात केली, आणि त्या धडाक्यात स्वतःच्याच अपडेटरला पकडलं. सापडलेल्या व्हायरसाचं नाव पडद्यावर यायचं ‘शूऽ/अपडेटर-बी’. नावातच गप्प बसायचा इशारा. आता अशा वेळी काय करायचं हे प्रत्येक ऑफिसनं आधी ठरवून ठेवलेलं असतं. काहींनी सैल धोरण ठेवलं होतं: संशयित सापडला तर नुसता अडवून ठेवा, मग बघू. काहींनी कडक धोरण ठेवलं होतं: सापडला की जागीच नाहीसा करा. सैलवाल्यांचं काम लवकरच सुरळीत झालं. कडकवाल्यांच्या अँटिव्हायरसनं स्वतःचा अपडेटर नाहीसा केला, त्यामुळे चूक सुधारणारं अपडेट घ्यायला आता घरात कुणी उरलंच नाही. आत्मपरीक्षणाचं महत्त्व मी शाळेपासून ऐकत आलो आहे, पण त्याचा इतका सचोटीनं केलेला प्रयोग दुसरा पाहिला नाही.

यातल्या बऱ्याच भानगडी शुक्रवारच्या आहेत, हे तारखा ताडून बघितल्यावर ध्यानात आलं. नॉर्टनची ती १८ मे २००७, शुक्रवार. १० मार्च २००६, तोही शुक्रवार. त्या दिवशी मॅकॅफीच्या यादीनं खुद्द एक्सेलला व्हायरस ठरवलं होतं. आपल्याकडे तो मार्च एंडचा हंगाम. लेखा विभागात त्या महिन्यात एक्सेलबद्दल जे बोललं जातं, ते ऐकलं तर अँटिव्हायरसचा अंदाज फार चुकला होता असं म्हणवत नाही. शुक्रवारी गूळ-फुटाणे वाटावेत, अपडेट वाटू नयेत, असा काही दंडक कुणीतरी घालून द्यायला हवा होता.

१३ जानेवारी २०२३ हाही शुक्रवार. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या डिफेंडरनं एका अपडेटनंतर कंपन्यांच्या संगणकांवरचे शॉर्टकट पुसून टाकले. प्रोग्रॅम जागच्या जागी शाबूत होते, फक्त त्यांच्याकडे नेणारी चित्रं गेली. तांत्रिकदृष्ट्या हे नुकसान किरकोळ. पण तांत्रिकदृष्ट्या बघणारा माणूस ऑफिसात एकच असतो. बाकीच्यांच्या दृष्टीनं ते हिरवं चित्र हेच एक्सेल. चित्र गेलं म्हणजे एक्सेल गेलं, एक्सेल गेलं म्हणजे त्यातला पगारपत्रक नावाचा पदार्थ गेला, आणि दोन दिवसांवर संक्रांत. ‘ते आहे हो, नुसतं दिसत नाहीये,’ हे वाक्य आयटीच्या मुलानं त्या दिवशी ज्या स्वरात म्हटलं असेल, त्या स्वरात ते पूर्वी फक्त कीर्तनकार म्हणत. आणि यातही ज्या ऑफिसांनी सुरक्षेचा एक ठरावीक नियम कडकपणे लागू केला होता, त्यांचेच शॉर्टकट गेले. ज्यांनी ‘सध्या नुसतं निरीक्षण करा’ अशी बोटचेपी भूमिका घेतली, त्यांची चित्रं शाबूत.

आता आळशांची फार भलामण होते आहे असं वाटण्याआधी वानाक्रायचं नाव घेतो. मे २०१७ मध्ये या खंडणीखोर व्हायरसनं जगभर धुमाकूळ घातला. त्याला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच दिलेली होती. ‘नंतर, नंतर’ म्हणणारे त्या खेपेला पुरते नागवले गेले. म्हणजे आळशांनाही त्यांचा दिवस असतो. पण पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. तो युक्रेनमधल्या हिशेब ठेवण्याच्या एका प्रोग्रॅमच्या अपडेटमधून पसरला. अपडेट इमानदारीनं घेणाऱ्यांच्या दारातून आत शिरला आणि तिथून थेट आपल्या न्हावाशेव्याच्या एका टर्मिनलपर्यंत येऊन त्यानं कंटेनरांची रांग लावली. हिशेबाची बाजू पुन्हा आळशांकडे झुकली.

परत २०२४ कडे वळू, कारण शिस्तीच्या माणसाची सगळ्यात क्रूर थट्टा त्यात आहे. मोठ्या कंपन्यांचे आयटी प्रमुख काही भोळे नसतात. मॅकॅफी, सोफोस वगैरे सगळं त्यांनी भोगलेलं असतं. त्यामुळे ते नव्या आवृत्तीवर लगेच उडी मारत नाहीत. फाल्कनमध्ये अशी सोय होती की नवी आवृत्ती आली तरी आपण एक पायरी मागे राहायचं. फारच जपून वागायचं तर दोन पायऱ्या मागे. दुसऱ्यांना आधी पडू द्यावं, मग आपण जावं, हे सार्वजनिक ठिकाणच्या पाण्याच्या बाबतीत आपणही पाळतो. अनेक कंपन्यांनी ही सोय वापरली होती. एक-दोन पायऱ्या मागे राहून ते निर्धास्त होते. पण ती सोय मुख्य प्रोग्रॅमसाठी होती. खाणाखुणांची जी झटपट फाइल येते, तिला ती लागू नव्हती. त्या सकाळी ती फाइल पुढच्या पायरीवरच्यांना मिळाली, मागच्या पायरीवरच्यांना मिळाली, दोन पायऱ्या खालच्यांनाही मिळाली. ज्यानं सावधगिरीचा ठराव करून, त्यावर सह्या घेऊन, फाइलला लावून ठेवला होता, तोही निळ्या पडद्यापुढे तोच ठराव हातात घेऊन उभा.

दोष काय होता? कंपनीनं पुढे सविस्तर अहवाल दिला, त्यातलं सार इतकंच. नव्या फाइलीच्या नियमात २१ माहित्या लागणार होत्या आणि त्या पुरवणारा भाग २०च देत होता. सरकारी ऑफिसात २१ रकान्यांचा फॉर्म आला आणि माहिती २० रकान्यांपुरतीच असली, तर विसाव्यानंतरच्या रकान्यात कारकून शांतपणे ‘लागू नाही’ लिहितो, किंवा एक आडवी रेघ मारतो आणि पुढचा फॉर्म घेतो. गेली दीडशे वर्षं राज्यकारभार त्या आडव्या रेघेवर उभा आहे. संगणकाला ही रेघ शिकवलेली नव्हती. तो एकविसावी माहिती शोधत स्मृतीच्या अशा जागेत शिरला जिथे त्याला जायची परवानगी नव्हती. साधा प्रोग्रॅम असता तर तो एकटा बंद पडला असता. पण फाल्कन विंडोजच्या गाभ्यात बसतो. व्हायरसला त्याला उठवता येऊ नये म्हणून त्याची जागा तिथे असते आणि संगणक उघडताच तो बाकी सगळ्यांच्या आधी कामाला लागतो. गाभ्यात कुणी धडपडलं की विंडोज धोका पत्करत नाही, सगळं थांबवून पडदा निळा करतं. आणि रीस्टार्ट केलं की सगळ्यात आधी कामावर कोण हजर? तोच. आणि पहिली फाइल कुठली उघडणार? तीच.

कंपनीनं पहिल्या निवेदनात ठासून सांगितलं की हा सायबर हल्ला नाही. लोकांनी निर्धास्त व्हावं अशी अपेक्षा होती. बाहेरून कुणी आलेलं नाही, जे झालं ते आमच्या हातून झालं. मुंबईतल्या विमा कंपनीतल्या बाईंना, दिल्लीच्या विमानतळावर रांगेत उभ्या माणसाला याचा किती आधार वाटला असेल याची कल्पना आपण करू शकतो.

आपल्याकडे सगळ्यात गाजलं ते विमानतळांवरचं. इंडिगोसकट काही कंपन्यांनी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले, काही ठिकाणी विमानांच्या वेळा पांढऱ्या फळ्यावर मार्करनं लिहिल्या. त्या पासांचे फोटो लोकांनी कौतुकानं जपून ठेवले. मला वाटतं, त्या काउंटरवरच्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुला-मुलींनी परीक्षेनंतर पहिल्यांदाच सलग चार तास पेन धरलं असणार. हाताला रग लागली असणार. आणि त्या दिवशी ज्या कुणा सुपरवायझरला कार्बन पेपर कुठे मिळतो हे माहीत होतं, त्याची किंमत चेअरमनपेक्षा जास्त झाली असणार.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं संध्याकाळी सांगितलं की देशातल्या फक्त दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. कारणं दोन दिली: आपल्या बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नाहीतच, आणि क्राउडस्ट्राइक वापरणाऱ्या बँकाही मोजक्याच. पाश्चात्त्य देशांत ज्याला मागासलेपण म्हटलं गेलं असतं, ती त्या शुक्रवारी दूरदृष्टी ठरली. दुसऱ्या दिवशीच्या गप्पांत जो तो सांगत होता की आमच्याकडे काही झालं नाही, आणि सांगताना स्वर असा, जणू हे जाणूनबुजून घेतलेल्या निर्णयामुळे. आपल्याकडच्या लहान ऑफिसांत, सीएकडे, डॉक्टरकडे, स्टेशनरीच्या दुकानात जे अँटिव्हायरस असतं ते बहुतेक वेळा पुण्याचं, क्विक हीलचं. सातारा जिल्ह्यातून येऊन पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी ते नव्वदच्या दशकात उभं केलं. त्या ऑफिसांत क्राउडस्ट्राइकचं नावही पोचलेलं नव्हतं. तिथे त्या दिवशी पडद्यावर जे आलं ते रोजचंच: परवान्याची मुदत संपायला १५ दिवस उरले.

जिथे संगणक पडले होते, तिथली दुरुस्ती सांगायला सोपी. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरातलं क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडायचं, २९१ क्रमांकाची ती फाइल पुसायची, रीस्टार्ट. दोन मिनिटांचं काम. पण दुरून करता येत नाही, कारण पडलेला संगणक नेटवर्कवर येतच नाही. म्हणजे पुन्हा आयटीची मुलं आणि पुन्हा पायपीट, २०१० सारखीच. फक्त मधल्या चौदा वर्षांत सुरक्षा पुष्कळ वाढली होती. कंपन्यांनी लॅपटॉप चोरीला गेला तर माहिती फुटू नये म्हणून डिस्कला बिटलॉकरचं कुलूप लावलं होतं. सेफ मोडमध्ये जायचं तर आधी त्याची किल्ली, म्हणजे ४८ आकड्यांचा क्रमांक. प्रत्येक संगणकाचा वेगळा. घरून काम करणाऱ्या माणसाला हे ४८ आकडे फोनवरून सांगायचे. ‘पाच सहा सात तीन...’ ‘सहा सात की सदुसष्ट?’ ‘एकेक लिहा हो.’ ‘एकच लिहिलाय. मग पुढे?’ पलीकडे कुकरची शिट्टी, मुलाचं ‘आई, माझं वायफाय गेलं’, आणि एकेचाळिसाव्या आकड्याला रेंज जाते. हे कुणाच्या घरी असंच्या असं घडलं असं मी म्हणत नाही, पण घडलं नसेल असंही कुणी छातीठोकपणे सांगू नये. काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर सांभाळून ठेवल्या होत्या, तो सर्व्हरही निळाच होता. कुलूप शाबूत, किल्ली आत.

क्लाउडवरच्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टनं वेगळा सल्ला दिला: रीस्टार्ट करून बघा. नाही झालं तर पुन्हा करा. काही ग्राहकांना पंधरा वेळा करावं लागलं, पण झालं, असंही सांगितलं. ऑफिसातल्या आयटीवाल्याचा अपमान आपण वर्षानुवर्षं एकाच कारणावरून करत आलो: काहीही झालं तरी हा ‘बंद करून चालू करा’ एवढंच सांगतो. जगातल्या सगळ्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीनं जगातल्या सगळ्यात मोठ्या बिघाडावर तेच सांगितलं. फक्त जपाची संख्या वाढवून.

या सगळ्याचा हिशेब पुढे बराच काळ चालला. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीची काही दिवसांत सात हजारांच्या आसपास उड्डाणं रद्द झाली आणि तिच्या प्रमुखांनी तोटा ५० कोटी डॉलरचा सांगितला. ऑगस्टमध्ये लास वेगासला हॅकरांच्या मेळाव्यात दरवर्षी देतात तसं ‘सर्वांत मोठ्या फजिती’चं पारितोषिक जाहीर झालं, आणि क्राउडस्ट्राइकचे अध्यक्ष मायकल सेंटोनास स्वतः मंचावर जाऊन तो भलामोठा चषक घेऊन आले. मुख्यालयात सगळ्यांना दिसेल असा ठेवू, म्हणाले. असं पारितोषिक घ्यायला स्वतः जाणारा माणूस मला एकंदरीत आवडला. आपल्याकडे अशा वेळी उपसंचालकांना पाठवतात.

त्याआधी, घटनेनंतर चारच दिवसांत, कंपनीनं आणखी एक गोष्ट केली होती. ज्या भागीदार कंपन्यांच्या लोकांनी रात्रंदिवस राबून ग्राहकांचे संगणक उभे केले, त्यांना आभाराचा मेल गेला. सोबत उबर ईट्सचं दहा डॉलरचं कूपन, म्हणजे आपले आठशे-साडेआठशे रुपये: पुढची कॉफी किंवा रात्रीचं खाणं आमच्याकडून. लोकांनी कूपनं टाकून बघितली. काहींना संदेश आला, कूपन रद्द झालं आहे. कंपनीनं चौकशी करून खुलासा दिला. एकाच वेळी इतक्या ठिकाणांहून तेच कूपन वापरलं जातंय हे बघून उबरच्या सुरक्षा यंत्रणेला घोटाळ्याचा संशय आला होता, आणि तिनं ते थांबवलं होतं.